ब्राउनिंग हे माणसाचे नाव आहे

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला आम्हाला नाशिकच्या जॅक्सन खटल्यावर ट्युटोरियल लिहायचे होते. मी लिहिले होते, की 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग कंपनीच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. सरांनी वही परत दिली तेव्हा ‘ब्राउनिंग कंपनी’ या दोन शब्दांभोवती तांबडे वर्तुळ होते आणि शेजारी नुसते एक प्रश्नचिन्ह. मार्क कापले नव्हते, पण ते प्रश्नचिन्ह मला मार्क कापल्यापेक्षा जास्त लागले. शोधायला बसलो तेव्हा कळले, की त्या काळी युरोपात मिळणारी ब्राउनिंग पिस्तुले बेल्जियममधल्या एका कारखान्यात बनत असत, आणि ब्राउनिंग हे एका माणसाचे नाव होते. तो माणूस अमेरिकेतल्या एका आडबाजूच्या गावचा बंदूक-कारागीर होता. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर जी वीस पिस्तुले पाठवली ती याच नावाची. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव येते आणि पुढचे वाक्य सुरू होते. माणूस मात्र मागेच राहतो. त्या माणसाची ही हकिकत.

जॉन मोझेस ब्राउनिंग 23 जानेवारी 1855 रोजी यूटा प्रांतातील ऑग्डेन येथे जन्मला. यूटाला तेव्हा राज्याचा दर्जाही नव्हता. तो मिळाला 1896 मध्ये. जॉनचे वडील जोनाथन हेही बंदुका घडवीत. ते मॉर्मन पंथाचे. या पंथाच्या लोकांना पूर्वेकडील राज्यांतून हुसकून लावले गेले, तेव्हा मुक्काम करीत करीत 1852 मध्ये ते कुटुंबकबिल्यासह यूटाला पोहोचले. कबिला हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. जोनाथन यांना तीन बायका आणि बावीस मुले होती! एवढ्या मुलांत एखादे दिवसभर दुकानातल्या भंगाराच्या ढिगात बसून राहिले तर कोणाच्या लक्षात येणार? जॉन त्या ढिगातच वाढला. अक्षरओळखीच्या आधी त्याला सुट्या भागांची ओळख झाली असावी.

दहाएक वर्षांचा असताना वडील बाहेर गेल्याची संधी साधून त्याने एका टाकाऊ नळीची बंदूक बनवली. लाकडाचा ओबडधोबड दस्ता, तारेने आवळून बसवलेली नळी आणि बत्ती द्यायला धगधगती काडी. धाकटा भाऊ मॅट याने बत्ती द्यायची आणि जॉनने नेम धरायचा, असे ठरले. बार उडाला, रानकोंबड्या पडल्या आणि त्यांच्याबरोबर जॉनही उताणा पडला. पुढे त्याच्या घरच्यांनीच ही आठवण नोंदवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी न्याहारीला कोंबड्या होत्या, म्हणून वडिलांचा राग वाचला. मात्र या वयात याहून बरी बंदूक करता यायला हवी होती, असा शेरा मिळालाच. मला या गोष्टीतले उताणे पडणे फार महत्त्वाचे वाटते. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, हा न्यूटनचा नियम आम्ही नववीत पाठ केला. जॉनने तो खांद्यावर घेतला.

त्याचे शालेय शिक्षण जुजबीच. तेविसाव्या वर्षी त्याने एकेक काडतूस भरण्याची एक मजबूत रायफल बनवली आणि 7 ऑक्टोबर 1879 रोजी तिचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले आणि त्याच वर्षी वडील वारले. भावांनी मिळून दुकान वाढवले आणि रायफली हातांनी बनवून विकू लागले. त्यांपैकी एक फिरत फिरत विंचेस्टर या बड्या कंपनीच्या हाती पडली. 1883 मध्ये कंपनीचे बेनेट साहेब एवढा लांबचा प्रवास करून ऑग्डेनला आले आणि 8000 डॉलर मोजून रायफलीचे हक्क घेऊन गेले. पुढची एकोणीसेक वर्षे हाच रिवाज राहिला. ब्राउनिंगने नमुना करायचा, विंचेस्टरने रोख रक्कम देऊन विकत घ्यायचा. यातले पुष्कळ नमुने कंपनीने कधी बनवलेच नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत एवढ्यासाठी ते विकत घेऊन कपाटात ठेवले. शेतमालाचा भाव कोण ठरवतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मधली दोन वर्षे, 1887 ते 1889, तो जॉर्जियात धर्मप्रचाराला गेला होता. एका दुकानाच्या काचेआड त्याला स्वतःचीच नवी बंदूक दिसली. तो ती सराईतपणे हाताळू लागला. ही यानेच बनवली आहे असे सोबत्याने दुकानदाराला सांगितले, तेव्हा त्या धुळीने माखलेल्या प्रचारकाकडे पाहून दुकानदाराचा विश्वास बसला नाही, असे सांगतात.

घरी परतल्यावर त्याच्या आयुष्यातला मोठा प्रसंग घडला. नेमबाजी चालली असताना त्याने पाहिले, की बार उडाला की नळीच्या तोंडापुढचे गवत वाकते. गवत सगळ्यांनाच दिसत होते. ब्राउनिंगच्या मनात आले, की हे गवत वाकवणारे बळ फुकट जात आहे. तेच बळ वळवून बंदुकीकडूनच पुढचे काडतूस भरून घेतले तर? त्याआधी 1884 मध्येच हायरम मॅक्सिम याने मागे येणाऱ्या धक्क्यावर चालणारी मशीनगन केली होती, तेव्हा कल्पनेचा पहिला मान ब्राउनिंगचा नव्हे. पण ही करामत मुठीत मावेल एवढी लहान करणे, हे काम मुख्यतः त्याचे.

इथे थोडे यंत्राविषयी लिहावे लागेल, कारण त्यावाचून या माणसाची थोरवी कळत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण कला शाखेचे, तेव्हा मला समजले तसे सांगतो. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड. गोळी सुटली की धक्क्याने स्लाइड मागे जाते. जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि घोडा चढवते. हे होत असताना एक स्प्रिंग दाबली जाते. धक्का संपला की तीच स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि स्लाइड मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. म्हणजे जो धक्का नेमबाजाच्या हाताला नुसता त्रास होता, तो स्प्रिंगेत जमा होतो आणि कामाला लागतो.

आता प्रश्न असा, की ही स्प्रिंग किती कडक असावी?

माझे वडील तालुक्याच्या ठिकाणी शेतीची इंजिने दुरुस्त करतात. मी त्यांना हा प्रश्न विचारला. स्प्रिंग कडक तेवढी चांगली असे मी धरून चाललो होतो. वडिलांनी फळीवरच्या डब्यातून व्हॉल्व्हच्या दोन जुन्या स्प्रिंगा काढल्या आणि मला अंगठ्याने दाबायला लावल्या. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. त्यांनी दाबून सांगितले, की एक बसलेली आहे आणि दुसरी भलत्याच इंजिनाची, वाजवीपेक्षा कडक, दोन्ही टाकाऊ. माझा अंगठा पुस्तकाची पाने उलटण्यात गेला, त्याला काही कळले नाही.

पिस्तुलाचेही तसेच असते. स्प्रिंग नरम पडली, तर स्लाइड भरधाव मागे येऊन सांगाड्यावर आदळते, पुंगळी लांब फेकली जाते आणि हजारो बारांनंतर पोलाद फुटू लागते. स्प्रिंग फार कडक असली, तर स्लाइड पुरती मागे येतच नाही. पुंगळी पायाशी पडते किंवा दारातच अडकते, नवे काडतूस उचललेच जात नाही. आणि पुढे जाताना स्लाइड इतक्या जोराने आपटते, की मॅगझिनला काडतूस वर आणायलाही वेळ मिळत नाही. शिवाय पहिले काडतूस भरताना स्लाइड हाताने ओढावी लागते, तीही जड होते. म्हणजे कडकपणाने संरक्षण वाढत नाही. बिघाड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो एवढेच. योग्य स्प्रिंग काडतुसाच्या जोरावर, स्लाइडच्या वजनावर आणि तिला मागे सरकायला किती जागा आहे यावर ठरते. ब्राउनिंगच्या पाच इंची नळीच्या .45 पिस्तुलाला नेहमीच्या काडतुसासाठी आज 16 पौंडांची स्प्रिंग प्रमाण मानतात. त्याच पिस्तुलाची आखूड आवृत्ती घेतली तर स्लाइड हलकी होते आणि सरकायची जागा कमी होते, म्हणून स्प्रिंग अठरा पौंडांची किंवा त्याहून जास्त लागते. पिस्तूल लहान झाले आणि स्प्रिंग कडक झाली! निशाणबाजीसाठी सौम्य काडतुसे वापरणारे लोक उलट हलकी स्प्रिंग घालतात. आणि कोणतीही स्प्रिंग वापराने बसतेच, म्हणून ती ठरावीक बारांनंतर बदलावी लागते.

ब्राउनिंग रीतसर आराखड्यांवर फारसा विसंबत नसे. पुठ्ठ्याचे नमुने कापावेत, भावाकडून धातूचा भाग घडवून घ्यावा, बार काढावा, पाहावे, पुन्हा कापावे, अशी त्याची रीत. बेल्जियममधील ‘फाब्रिक नासिओनाल’ या कारखान्यासाठी त्याने जे पहिले पिस्तूल केले आणि जे 1900 चा नमुना म्हणून ओळखले जाते, त्याचे काडतूस 7.65 मिलिमीटरचे. त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नाहीत. बार उडताना दार बंद ठेवायचे काम फक्त स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगने करायचे. आणि गंमत अशी की ही एकच स्प्रिंग धक्काही झेलते आणि काडतुसावर आघात करणारी सुईसुद्धा तीच पुढे मारते. एकाच बैलाने मोटही ओढायची आणि नांगरही. अशा स्प्रिंगेचा कडकपणा ठरवताना दोन्ही कामांचा हिशेब एकदम जमायला हवा. तो जमला. पिस्तूल चपटे, खिशात मावणारे आणि भरवशाचे झाले. युरोपात काही ठिकाणी पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग असे समीकरणच होऊन बसले.

पण त्याची खरी कसोटी पाहिली ती आपोआप भरणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीने. छऱ्याची काडतुसे एकसारखी नसतात. बदकासाठी जड, लहान पाखरासाठी हलकी. जड काडतुसाला जमणारी स्प्रिंग हलक्याला जमणार कशी? एका स्प्रिंगेने हा प्रश्न सुटत नाही हे त्याने ओळखले आणि स्प्रिंगेच्या जोडीला घर्षण आणले. मॅगझिनच्या नळीवर काशाचा एक भाग आणि तिरप्या कडेचे एक कडे बसवले. जड काडतूस असेल तर कडे स्प्रिंगेच्या पुढे ठेवायचे. म्हणजे ते काशाच्या भागाला आवळते, तो नळीला घासतो आणि धक्क्याला लगाम बसतो. हलके काडतूस असेल तर कडे काढून स्प्रिंगेच्या मागे ठेवायचे, की लगाम सैल. शिकाऱ्याने स्वतःच्या हाताने करायची ही अदलाबदल. 9 ऑक्टोबर 1900 रोजी या बंदुकीचे पेटंट मिळाले.

हीच बंदूक घेऊन तो 1902 मध्ये बेनेटसमोर बसला आणि या वेळी रोख रकमेऐवजी प्रत्येक बंदुकीमागे हक्काचा वाटा मागितला. बेनेटने नकार दिला. एकोणीस वर्षांचा संबंध त्या खोलीत संपला. ब्राउनिंग उठून रेमिंग्टन कंपनीकडे गेला. बाहेर वाट पाहत बसला असताना आतून बातमी आली, की कंपनीचे प्रमुख हार्टली यांचा हृदयविकाराने नुकताच मृत्यू झाला. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने घरी परतला असता. याने बंदूक बरोबर घेतली आणि समुद्र ओलांडून थेट बेल्जियम गाठले. तिथे करार झाला. ती बंदूक विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत होती. लोक त्याच्या पिस्तुलांची स्तुती करतात. मला विचाराल तर ते काशाचे घर्षण आणि हा प्रवास, या दोन गोष्टींत सगळा ब्राउनिंग आला.

त्यानंतर त्याने अमेरिकन सैन्यासाठी .45 चे पिस्तूल हाती घेतले. काडतूस दांडगे, गोळीच सुमारे पंधरा ग्रॅमची. इथे नुसती स्प्रिंग पुरणार नव्हती. म्हणून त्याने नळी आणि स्लाइड यांना सुरुवातीला एकत्र मागे येऊ दिले आणि गोळी बाहेर पडल्यावर एका छोट्या दुव्याने नळी खाली ओढून दोघींना वेगळे केले. तोपर्यंत दाब उतरलेला असतो. उरलेला जोर तेवढा स्प्रिंगेच्या वाट्याला येतो. मार्च 1911 मध्ये अंतिम चाचणी झाली. एकाच पिस्तुलातून 6000 बार काढायचे होते. पिस्तूल इतके तापे, की पाण्यात बुडवून गार करावे लागे. स्पर्धक सॅव्हेज कंपनीच्या पिस्तुलात 37 अडथळे आले. ब्राउनिंगच्या पिस्तुलात एकही नाही. 29 मार्च 1911 रोजी सैन्याने ते स्वीकारले आणि 1985 पर्यंत तेच त्यांचे अधिकृत पिस्तूल होते.

ही तयारी चालू होती त्याच काळात, डिसेंबर 1909 मध्ये, नाशिकला तो प्रकार घडला. पुन्हा पुन्हा बार काढून ज्याने एकेक दोष काढला, त्याच्या यंत्राने तिथेही दगा दिला नाही. जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती आणि त्याच्या निरोपासाठीच तो खेळ होता. त्याला संस्कृतचा व्यासंग होता आणि लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याच्याच अमदानीत बाबाराव सावरकरांवर खटला उभा राहिला, हेही खरे. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना, कृष्णाजी कर्वे यांना आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिले गेले. मी आज त्यांच्याहून एका वर्षाने मोठा आहे. त्यांच्या धैर्यापुढे माझी मान लवते. पण त्या संध्याकाळी नाट्यगृहात नेमके काय काय संपले याचा विचार करू लागलो, की हात लिहिता लिहिता थांबतो. आणि या साऱ्यात ऑग्डेनचा तो कारागीर कुठे उभा आहे? नाशिक हे नाव त्याच्या कानी कधी गेले असेल असे मला वाटत नाही. 28 जून 1914 रोजी साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, तेही त्याच्याच 1910 च्या नमुन्याचे होते. त्या पिस्तुलात त्याने स्प्रिंग नळीभोवती गुंडाळली होती, त्यामुळे ते आणखी सडपातळ झाले होते. पुढे महायुद्ध भडकले. पिस्तुलाने युद्ध होत नाही हे मला कळते. तरीही धक्क्याचा हिशेब इतक्या काटेकोरपणे करणाऱ्याने पुढे जाणाऱ्या गोळीचा हिशेब कुठे मांडला होता का, हे मी शोधत राहिलो. मला तसे काही सापडले नाही.

त्या युद्धासाठी त्याने मशीनगन आणि स्वयंचलित रायफल दिली. 1917 च्या चाचणीत मशीनगनने वीस हजार बार न अडता काढले. विश्वास बसेना म्हणून आणखी वीस हजार काढले. दुसरी बंदूक 48 मिनिटे सतत चालली. सरकारकडून त्याला हक्कापोटी याच्या कित्येक पट रक्कम मिळाली असती, पण साडेसात लाख डॉलरवर त्याने घासाघीस न करता सही केली. विंचेस्टरपुढे वाट्यासाठी उठून गेलेला माणूस तो हाच. त्याचा मुलगा व्हॅल फ्रान्सच्या आघाडीवर बापाचीच रायफल घेऊन लढला.

मॅट 1923 मध्ये गेला. बत्ती देणारा हात गेला. जॉन मात्र बेल्जियमच्या फेऱ्या करीतच राहिला. 26 नोव्हेंबर 1926 रोजी लिएजजवळच्या त्या कारखान्यात, मुलाच्या कचेरीत, हृदय थांबून त्याचा अंत झाला. वय 71, नावावर 128 पेटंटे, आणि मागे एक नवे पिस्तूल अर्धवट. त्याचे पेटंट 1927 मध्ये, म्हणजे तो गेल्यावर मिळाले. कारखान्यातील सैव नावाच्या अभियंत्याने ते 1935 पर्यंत पुरे केले. त्यात तेरा काडतुसे मावतात. याच पिस्तुलाची प्रत आपल्याकडे इशापूरच्या रायफल कारखान्यात बनली आणि आपल्या जवानांच्या कमरेला लागली. म्हणजे ज्या नावाची पिस्तुले एकेकाळी पेटीच्या चोरकप्प्यातून आली, त्याच घराण्यातले पिस्तूल पुढे सरकारी शिक्क्याने इथेच तयार झाले.

हा लेख देण्यापूर्वी मी वडिलांना वाचून दाखवला. ते चौथी शिकलेले आहेत; ऐकताना हातातला पाना पुसत होते. नाशिकचा भाग ऐकताना ते काही बोलले नाहीत. त्या छऱ्याच्या बंदुकीपाशी मात्र त्यांनी मला थांबवले, तेवढा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि ते घासणारे अंग काशाचेच होते ना, हे दोनदा विचारून घेतले. होय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. लोखंडावर लोखंड घासले असते तर धरले असते, असे ते म्हणाले, आणि पाना घेऊन बाहेर उभ्या असलेल्या इंजिनाकडे गेले.